बिनबांधाचें गांव

इंग्लंड देशाचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें लंडन शहर उभें राहतें. तेथील पार्लमेंट, राजवाडा, टेम्स नदीवरील पूल यांचीं चित्रें आपण लहानपणापासून पाहिलेलीं असतात. आणि त्या देशाचा इतिहास म्हणून आपण जो वाचतों तोहि बहुधा राजांचा, लढायांचा आणि यंत्रांचाच असतो. परंतु ज्या देशानें यंत्रें काढलीं तो देशहि त्यापूर्वीं शेंकडों वर्षें नांगरावरच जगत होता. त्या नांगराचा इतिहास पाहावयाचा तर लंडन सोडून खेड्यांत गेलें पाहिजे. आज मी आपणांस अशाच एका खेड्याची हकीकत सांगणार आहें. त्याचें नांव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशर परगण्यांत, शेरवुडच्या जुन्या अरण्याच्या पूर्वेस, टक्सफर्ड नांवाच्या लहानशा गांवाजवळ तें वसलेलें आहे. वस्ती अडीचशें माणसांच्या आसपास. त्याची ख्याति एकाच गोष्टीवर आहे. त्या गांवच्या मोठ्या शेतांना बांध नाहींत, कुंपणें नाहींत, आणि तरीहि तेथील शेतकरी शेंकडों वर्षें आपापला पट्टा शेजाऱ्याच्या पट्ट्याला लागून कसत आले आहेत.

श्रोतेहो, बांध हा शब्द आपल्याकडे कोणालाच नवा नाहीं. माझे वडील आणि माझे थोरले चुलते यांचें एका बांधावरूनच बिनसलें. चुलत्यांच्या गड्यानें औत धरतांना बांध हातभर कोरला, असें वडिलांचें म्हणणें. बांध मुळापासून तेथेंच होता, असें चुलत्यांचें म्हणणें. मोजणी झाली, फेरमोजणी झाली, दावा लागला, अपील झालें. एकोणीस वर्षें दोन्ही घरें एकमेकांच्या लग्नकार्यास गेलीं नाहींत. मी लहान असतांना वडिलांची भाकरी घेऊन तालुक्याच्या कचेरीपर्यंत चालत जात असें. वादांतली जमीन किती होती म्हणाल, तर दोन गुंठेहि भरत नव्हती. पुढें मी शाळामास्तर झालों आणि एका पुस्तकांत लॅक्स्टनचें नांव वाचलें, तेव्हां मनांत पहिला प्रश्न आला तो हाच, कीं जेथें बांधच नाहीं तेथें हे लोक एकत्र नांदतात तरी कसे? मी तें गांव डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. परंतु या एका प्रश्नापायीं त्याच्याविषयीं मिळेल तें वाचीत आलों.

प्रथम गांवाची रचना पाहूं. इंग्लंडच्या बहुतेक भागांत शेतकऱ्याचें घर त्याच्या शेतांत, गांवापासून दूर एकटें असें असतें. लॅक्स्टनमध्यें तसें नाहीं. तेथें विटांचीं जुनीं शेतघरें गांवच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, आपल्या खेड्यांतल्याप्रमाणें शेजारींशेजारीं उभीं आहेत. कारण साधें आहे. प्रत्येकाची जमीन एका ठिकाणीं नाहीं. गांवाभोंवतीं तीन मोठीं शेतें आहेत. एकाला पश्चिमेचें शेत म्हणतात, एकाला दक्षिणेचें आणि एकाला गिरणीचें. या तिन्हींत मिळून प्रत्येक शेतकऱ्याचे लांबट पट्टे विखुरलेले असतात. ज्याची जमीन चारी दिशांना, त्यानें घर गांवांतच बांधणें सोयीचें. तिन्ही शेतांचें क्षेत्र मिळून आज पांचशें एकरांच्या आंतबाहेर आहे.

पट्टे लांब आणि अरुंद कां, याचें उत्तर बैलांत आहे. तेथील माती भारी, तांबूस, चिकण. मध्ययुगांत असल्या जमिनींत जड नांगर ओढावयास सहा-सहा, आठ-आठ बैलांची औतें जुंपीत. एवढें लांबलचक औत पुनःपुन्हा वळविणें जिकिरीचें; म्हणून एकदां तास धरला कीं बैलांना दम लागेपर्यंत सरळ जावयाचें. या तासाच्या लांबीलाच इंग्रजींत ‘फर्लांग’ हें नांव पडलें. त्या शब्दाचा मूळ अर्थच ‘तासाची लांबी’ असा आहे. ती लांबी २२० यार्ड ठरली. आणि एका औताचें साधारण दिवसभराचें काम तो ‘एकर’. २२ यार्ड रुंद आणि २२० यार्ड लांब असा पट्टा घेतला कीं बरोबर एक एकर भरतो. आपल्या मुलांना २२ यार्ड ही लांबी क्रिकेटच्या खेळपट्टीमुळें ठाऊक असते. मोजणीदाराची जुनी सांखळीहि तेवढीच, म्हणजे ६६ फुटांची. तिच्या निम्म्या लांबीचा, ३३ फूट चौरस तुकडा तो आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एकोणिसाव्या शतकांत मुंबई इलाख्याची जमीन मोजली गेली ती याच मापानें. आतां सात-बाराच्या उताऱ्यावर हेक्टर आणि आर लिहितात; पण तोंडीं आपण अजून एकरांतच बोलतों, म्हणजे इंग्लंडांतल्या त्या जुन्या बैलांच्या चालीनेंच आपलें शेत मोजतों.

पट्टे विखुरलेले कां, यावर विद्वानांचा पुष्कळ खल झालेला आहे. सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी या उभयतांनीं लॅक्स्टनचा बारकाईनें अभ्यास करून १९३८ मध्यें ऑक्सफर्डहून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचें मत असें, कीं गांवकऱ्यांनीं बैल आणि नांगर एकत्र करून जमीन फोडली, आणि रोजच्या रोज जेवढी नांगरून होई तेवढी पाळीपाळीनें एकेकाला मिळत गेली. दुसरे कित्येक म्हणतात, कीं चांगली आणि हलकी, उंचावरची आणि पाणथळ, अशी सर्व तऱ्हेची जमीन प्रत्येकाच्या वांट्यास यावी हा त्यांतला हेतु. पाऊस फार झाला तर खालचा पट्टा बुडेल, वरचा वांचेल. कारण कोणतेंहि असो, एक गोष्ट त्यांतून ओघानेंच आली. एका शेतांत अनेकांचे पट्टे असल्यावर एकानें गहूं पेरावा आणि शेजाऱ्यानें त्यांत गुरें सोडावीं, असें चालणार नाहीं. सर्वांनीं मिळून एकच पाळी ठरवावी लागते. लॅक्स्टनची पाळी तीन वर्षांची आहे. एका शेतांत थंडीपूर्वीं पेरलेला गहूं, दुसऱ्यांत वसंतांत पेरावयाचें पीक, आणि तिसरें पड. पुढच्या वर्षीं हीच पाळी एक घर पुढें सरकते. पडीच्या शेतांत आतां जनावरांसाठीं गवतचारा करण्याची मोकळीक आहे. पण पाळी मात्र मोडलेली नाहीं.

आतां थोडें गांवाच्या वयाविषयीं. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि वीस वर्षांनीं, १०८६ मध्यें, आपल्या राज्याची गांववार मोजदाद करविली. त्या सुप्रसिद्ध दप्तरांत लॅक्स्टनची नोंद आहे. पूर्वीं हें गांव टोची नांवाच्या मालकाकडे होतें, तें काढून जेफ्री अल्सेलिन या नॉर्मन सरदारास दिलें, असें तींत नमूद आहे. मालक बदलला, नांगर तेच राहिले. गांवाच्या उत्तरेस नॉर्मन काळांतील मातीच्या किल्ल्याची मोठी टेकडी आणि तिच्या भोंवतालचें आवार अजून स्पष्ट दिसतें. शेरवुडच्या राजअरण्याची राखण ज्यांच्याकडे वंशपरंपरेनें होती तीं द कॉ आणि द एव्हरिंगहॅम हीं घराणीं येथें राहत. गांवच्या सेंट मायकेल चर्चमध्यें एव्हरिंगहॅमांच्या कबरींवर दगडी प्रतिमा आहेत, आणि त्यांतच एका स्त्रीची ओकच्या लांकडांत कोरलेली प्रतिमा आहे. नॉटिंगहॅमशरमध्यें तशी मध्ययुगीन लांकडी प्रतिमा दुसरी नाहीं.

परंतु लॅक्स्टनचें खरें वैभव किल्ल्यांत नाहीं, एका नकाशांत आहे. १६३५ मध्यें मार्क पिअर्स नांवाच्या मोजणीदारानें या गांवाचा चामड्यावर एक विस्तीर्ण नकाशा काढला. त्यांत त्या वेळचीं चार शेतें, त्यांतील दोन हजारांहून अधिक पट्टे, प्रत्येक घर, प्रत्येक पायवाट दाखविलेली आहे. इतकेंच नव्हे, तर नांगर हांकणारीं, कापणी करणारीं, शिकार करणारीं चिमुकलीं माणसेंहि त्यावर रंगविलेलीं आहेत. कोणता पट्टा कोणाचा याची यादी त्याबरोबर आहे. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत जपून ठेवलेला आहे.

नकाशा काढविणारा जो जमीनदार, त्याचें नांव सर विल्यम कोर्टन. हा लंडनचा बडा व्यापारी. त्याचा आपल्या कोंकणाशींहि संबंध येतो. त्याच १६३५ सालच्या अखेरीस पहिल्या चार्ल्स राजानें कोर्टन आणि त्याच्या साथीदारांना पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली, आणि ईस्ट इंडिया कंपनीस एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला. दुसऱ्या वर्षीं त्यांचीं जहाजें गोव्यास आलीं, आणि पुढें या मंडळीनें राजापूर, कारवार या बंदरांत वखारी घातल्या. स्वतः कोर्टन मात्र १६३६ मध्येंच मरण पावला. त्याच्या व्यापाराचें दिवाळें वाजलें, वखारी गेल्या. मालकी समजावी म्हणून त्यानें काढविलेला नकाशा तेवढा राहिला. गांव नंतर थोड्याच वर्षांनीं पियरपॉण्ट घराण्याकडे गेलें. याच घराण्याला पुढें अर्ल मॅनव्हर्स ही पदवी मिळाली.

येथपर्यंतची हकीकत इंग्लंडच्या मध्यभागांतील शेंकडों खेड्यांची म्हणून सांगतां येईल. बिनबांधाचीं शेतें ही कांहीं लॅक्स्टनची एकट्याची मिरास नव्हती. मग तींच तेवढीं कां उरलीं? तर बाकीचीं कुंपणांत गेलीं. १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटनें गांवोगांवच्या सामाईक जमिनी आणि मोकळीं शेतें वांटून कुंपण घालण्याचे ५,२०० हून अधिक कायदे केले. त्यांखालीं ६८ लक्ष एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा एकपंचमांशाहून किंचित् अधिक भाग, बदलून गेला. त्यांतले बहुतेक कायदे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणि एकोणिसाव्याच्या आरंभीं झाले. याची बाजू मांडणारे म्हणत, कीं विखुरलेल्या पट्ट्यांत सुधारलेली शेती होणें नाहीं. एकाच्या तणाचें बीं दुसऱ्याच्या गव्हांत जातें. शहरें वाढलीं, त्यांना धान्य कोठून आणावयाचें? हें सर्वस्वीं खोटें नव्हतें. परंतु दुसरीहि बाजू होती. कायद्याचा, मोजणीचा आणि कुंपणाचा खर्च ज्याच्या त्याच्या माथीं बसे. मोठा धनी तो सोसूं शके. पांच-दहा एकरांचा मालक तेवढ्यासाठीं जमीन विकून मोकळा होई. आणि ज्याच्याजवळ जमीनच नव्हती, केवळ गायरानांत एक गाय आणि चार बदकें सोडण्याचा पिढीजात रिवाज होता, त्याच्या हातीं बहुधा कांहींच लागत नसे. कारण रिवाजाचा कागद कोणाजवळ असणार? नॉर्दम्प्टनशरमधील हेल्पस्टन गांवीं १७९३ मध्यें जॉन क्लेअर या नांवाचा एक शेतमजुराचा मुलगा जन्मला. त्याच्या गांवासाठीं असा कायदा १८०९ मध्यें झाला. तो पुढें कवि झाला, आणि लहानपणीं ज्या माळावर बागडलों तो कुंपणाआड गेल्याचें दुःख त्याच्या कवितेंतून शेवटपर्यंत गेलें नाहीं.

लॅक्स्टनच्या बाबतींत असें झालें नाहीं, याचें सर्व श्रेय गांवकऱ्यांच्या शहाणपणास देणें हें सत्याला धरून होणार नाहीं. कुंपणें तेथेंहि पडलीं. अठराव्या शतकांत गांवच्या जमिनीचा कांहीं भाग कुंपणांत गेला. चवथें शेत तर पुढें नाहींसेंच झालें. राहिलेलीं तीन वांचलीं याचें एक मोठें कारण म्हणजे तेथील बड्या जमीनमालकांचें आपसांत जमलें नाहीं. अर्ल मॅनव्हर्स आणि दुसरा मोठा मालक अर्ल ऑफ स्कारबरो यांचें एकमत होईना, आणि एकमतावांचून वांटणी होईना. पुढें जेव्हां ती करतां आली असती तेव्हां शेतीचे भाव उतरले होते आणि खर्च परवडण्यासारखा राहिला नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं मॅनव्हर्सांनीं इतकेंच केलें, कीं फार लहान पट्टे एकत्र करून मोठे केले. दोन धन्यांच्या बेबनावानें गरिबाचें शेत वांचावें, असेंहि इतिहासांत घडतें.

परंतु नुसतें वांचणें निराळें आणि चालत राहणें निराळें. बांध नसलेलें शेत वर्षानुवर्षें चालवावयाचें तर कोणीतरी लक्ष ठेविलें पाहिजे. तें लक्ष ठेवणारी जी संस्था तिला ‘कोर्ट लीट’ म्हणतात. ही मूळची जमीनदाराची न्यायसभा. पूर्वीं ती गांवोगांवीं होती. आतां लॅक्स्टनमध्येंच ती शेतीचा कारभार खऱ्या अर्थानें पाहते. तिचे पंच गांवचे शेतकरीच असतात. नोव्हेंबरच्या अखेरीस, गव्हाचा कोंब जमिनीबाहेर दिसूं लागला म्हणजे, हे पंच त्या वर्षींच्या गव्हाच्या शेतांत फिरून एकेक पट्टा तपासतात. बांध नसले तरी पट्ट्यांच्या टोंकांशीं लांकडी खुंट असतात. खुंट हलला आहे काय, कोणी शेजाऱ्याच्या हद्दींत एखादें तास जास्त घातलें आहे काय, कोणी सामाईक वाट किंवा गवताची पट्टी नांगरली आहे काय, हें ते पाहतात. हद्द पुसट झाली असेल तेथें दोन्ही टोंकांवरून नजर धरून नवा खुंट ठोकतात. शेतांत कांहीं सखल, नांगर न चालणाऱ्या गवताच्या पट्ट्या असतात; त्या सर्वांच्या मानल्या जातात, त्यांतील गवताचा लिलाव होतो आणि पैसा हक्कदारांत वांटला जातो. म्हणून त्यांवरील अतिक्रमण विशेष बारकाईनें पाहतात.

मग आठवड्याभरानें गांवच्या ‘डव्हकोट इन’ या जुन्या मद्यगृहांत सभा भरते. जमीनदाराचा कारभारी अध्यक्षस्थानीं बसतो, पुकारा होतो, पंच आपला अहवाल देतात, आणि ज्यानें मर्यादा ओलांडली त्याला दंड होतो. दंड लहानसाच असतो. खरा दंड निराळा आहे. आपलें नांव सर्व शेजाऱ्यांच्या देखत वाचलें जावें, आणि वाचणारे पंच उद्यां आपल्याच दाराशेजारीं राहणारे असावेत, हा तो दंड. त्याच सभेंत पुढील वर्षाचे पंच शपथ घेतात. म्हणजे आज ज्याला दंड झाला तो उद्यां पंच होऊं शकतो. सुटलेलीं गुरें धरून कोंडणारा एक अधिकारीहि सभा नेमते. आपल्या गांवच्या कोंडवाड्याची येथें कोणालाहि आठवण होईल. गुरें कोंडण्याचें तसलें आवार लॅक्स्टनमध्येंहि आहे.

गेल्या शंभर वर्षांत या गांवावर संकटें आलीं नाहींत असें नाहीं. बैल गेले, ट्रॅक्टर आले. लहान शेतकरी कमी झाले. १९५२ मध्यें सहाव्या अर्ल मॅनव्हर्सांनीं गांव विकावयास काढलें, तेव्हां तें फुटून नाहींसें होणार असा प्रसंग होता. त्या वेळीं इंग्लंडच्या शेतकी खात्यानें तें विकत घेतलें आणि पद्धति चालू ठेविली. १९७७ च्या कायद्यानें देशांतील असल्या जुन्या न्यायसभांचे अधिकार काढून घेण्यांत आले, पण लॅक्स्टनच्या सभेचा त्यांत अपवाद केला. १९८१ मध्यें गांव राजसंपत्तीच्या आयुक्तांकडे गेलें; आणि २०२० मध्यें तें थोर्सबी इस्टेटीकडे, म्हणजे मॅनव्हर्सांच्याच वंशजांकडे परत आलें. इतके धनी बदलले, पण पंचांची फेरी चुकली नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. लॅक्स्टन म्हणजे सर्वांच्या समानतेचें नंदनवन होतें असें कोणी समजूं नये. जमीन धन्याची, शेतकरी बहुतेक कुळें, आणि सभाहि मूळची धन्याच्याच नांवाची. आपण उठून तशीच शेती करावी असेंहि माझें म्हणणें नाहीं. माझ्या मनाला जें लागलें तें याहून लहान आहे. तेथें भांडणें होत नाहींत असें नाहीं. दंड होतात, त्या अर्थीं हद्दी ओलांडल्या जातातच. परंतु तें भांडण एका तासाएवढें असतें तेव्हांच चार माणसें जाऊन पाहतात, आणि त्याच महिन्यांत मिटवितात. आमच्या घरच्या भांडणाला तसा दिवसच मिळाला नाहीं. पहिल्या वर्षीं हातभर माती होती. एकोणीस वर्षांनंतर त्या मातीवर दोन घरांची माया उरली नव्हती.

माझे वडील आणि चुलते दोघेहि आतां नाहींत. गेल्या मार्गशीर्षांत मी माझ्या चुलत भावाकडे गेलों आणि त्याला या दूरच्या गांवच्या पंचांची हकीकत सांगितली. तो फार बोलणारा नाहीं. त्यानें ऐकून घेतलें, चहा दिला, आणि म्हणाला, “दादा, चला, बांधावर जाऊन येऊं.” आम्हीं दोघांनीं बांधाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालत जाऊन दोन्हीकडे एकेक दगड पुरला. मोजणीदार बोलाविला नाहीं. दगड थोडा त्याच्या बाजूला गेला कीं माझ्या, हें मीं पाहिलें नाहीं. त्यानेंहि पाहिलें नसावें. यंदा मार्गशीर्ष आला म्हणजे पुन्हा जावयाचें, असें आमचें ठरलें आहे.